मॅडमनी थांबवलेलं क्युरेटिंग

डॉ. मंदाकिनी मॅडमना मी पहिल्यांदा भेटलो ते पेणच्या त्यांच्या दवाखान्यात, नोकरी मागायला. माझी प्रमाणपत्रं बाजूला सारून त्यांनी विचारलं, "पेशंटचं ऐकून घेता येतं का?" मी छातीठोकपणे हो म्हणालो. ते खोटं होतं, हे दुसऱ्याच महिन्यात कळलं.

धरमतरकडची, मिठागरात काम करणारी एक तरुणी आली. दोन महिने पाळी चुकलेली, थोडं रक्त जात होतं. पहिलं मूल सिझरचं. बाहेरच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात अपूर्ण गर्भपात असं लिहिलेलं. तिचं पुढचं काही न ऐकता मी क्युरेटिंगची, म्हणजे गर्भपिशवी खरवडून साफ करायची, तयारी करून मोकळा झालो. मॅडमचा मात्र शिरस्ता असा, की सिझर झालेल्या बाईची आतून सोनोग्राफी स्वतः केल्याशिवाय हत्यार लावायचं नाही, रिपोर्ट कुणाचाही असो. मला तो वेळकाढूपणा वाटायचा.

मॅडमनी पाहिलं. पिशवी रिकामी होती. गर्भ सिझरच्या जुन्या व्रणात रुजला होता, मूत्राशयाला अगदी खेटून. "इथं क्युरेट लावली असतीत, तर रक्त आवरलं नसतं," एवढंच त्या म्हणाल्या. मी मांडून ठेवलेला हत्यारांचा ट्रे बाजूला सारला.

तिच्याबरोबर आलेल्या तिच्या सासूबाई म्हणाल्या, "पिशवीच काढून टाका, कटकट नको." सून रडत होती, "नाय बाई, मला अजून एक लेकरू हवं हाय." मॅडम तिच्या खाटेवर बसल्या. "आधी तुझा जीव गो, मग पिशवी. दोन्हीसाठी झटते मी. पण सांगेन तोवर हलायचं नाय."

गर्भाची वाढ थांबवणारं इंजेक्शन दिलं. रक्त आणि थिएटर तयार ठेवलं. आठवडा झाला तरी रक्ततपासणीतला गर्भाच्या हार्मोनचा आकडा उतरेना. माझा धीर सुटला. मॅडमनी मुंबईच्या तज्ज्ञांशी बोलून दुसरं इंजेक्शन दिलं, आणि आकडा हलला. घरी गेल्यावर सून तपासणीला येईना, तेव्हा मॅडम मिठागरावर गेल्या आणि बांधावर बसून तिचं रक्त काढलं. आकडा शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला गेल्या. असा हट्ट मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

शेवटच्या तपासणीनंतर सासूबाईंनी माझेच हात धरले. "डॉक्टर, तुमी वाचवलीत सून." मी तोंड उघडणार, तोच मॅडम म्हणाल्या, "व्हय, चांगले डॉक्टर हायत ते."

आज रोह्यात माझा दवाखाना आहे आणि तिथं मॅडमचाच शिरस्ता चालतो. पंचाहत्तरीत पदार्पण करणाऱ्या मॅडमना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांनी तेव्हा मला जे बोलू दिलं नाही, ते सर्वांसमक्ष लिहितो: ती सून माझ्या हातून गेली असती. ती वाचली मॅडममुळे.