पडद्यावरचं शेपूट
परवा धाकट्या जावेनं सोनोग्राफीचा फोटो पाठवला आणि नाशिकरोडचा तो दवाखाना आठवला, पोटावरच्या जेलचा गारवा आणि करडा, थरथरता पडदा. पहिल्या खेपेला माझं बाळ गेलं होतं, म्हणून त्या वेळी दुसऱ्याच महिन्यात सासूबाई देवळ्याहून सोबतीला आल्या होत्या. "हे बघा, हृदय," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझं लक्ष मात्र खालच्या टोकाकडे होतं. "आणि हे काय?" "शेपूट. जाईल आपोआप." मी दचकून उठूच लागले. बाई हसल्या. "अहो, सगळ्यांनाच असतं. मासा, कोंबडी, वासरू, माणूस, सुरुवातीला सारखेच दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे पूर्वज एकच ना!" आत हे सगळं ऐकलेल्या सासूबाई बाहेर बाकावर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "वासराचं ऱ्हातं, मान्साचं जातं. पोटात त्याला हे सांगतं कोन?" हसावं की घाबरावं, मला कळेना. लेक सुखरूप झाली, आता पहिलीत आहे. तिला न्हाऊ घालताना माझा हात माकडहाडापाशी क्षणभर थांबतो, आणि "आई, काय झालं?" असं तिनं विचारलं की मी तिच्या पाठीवर आणखी एक तांब्या ओतते.