स्क्रूवरची घासाघीस

करोल बागेतल्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलं नाही, पण त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

गुरुग्रामपलीकडे टेकडीच्या पायथ्याशी मी मातीत पळवायची बगी भाड्यानं देतो. दुसऱ्या दिवशी एका ऑफिसची माणसं येणार होती आणि बगी चढावर बंद पडत होती. कार्बोरेटर बिघडलाय हे कळत होतं, म्हणून तिला टेम्पोत घालून त्याच्याकडे नेलं.

पेन्सिल खोचावी तसा त्यानं कानावर स्क्रूड्रायव्हर खोचला होता. इंजिन सुरू होताच त्यानं गाणं ऐकावं तसे डोळे मिटले. मग म्हणाला, "पेट्रोल का स्क्रू ढाई चक्कर खोलूंगा."

स्क्रू जितका जास्त उघडा, तितकं पेट्रोल जास्त; अडीच फेरे ऐकून माझं डोकं फिरलं. "ढाई? पेट्रोल तेरा बाप भरेगा? एक खोल!"

"एक में तो इंजन भूखा मरेगा, साहब. दो."

"एक बोला ना!"

"चलो, आप भी क्या याद रखोगे. डेढ़."

मी मिशीत हसलो. सांगितलेल्या भावात मी आजवर काही घेतलेलं नाही. त्यानं स्क्रू फिरवला आणि इंजिन एका सुरात गुरगुरू लागलं.

निघताना सहज विचारलं, "वैसे कंपनी कितना बोलती है?"

"डेढ़," तो म्हणाला. "आपको सीधा डेढ़ बोलता, तो आप पौन चक्कर पे रुकते."

बगी दुसऱ्या दिवशी सरसर चढ चढली, त्यामुळे भांडायला जायचीही सोय उरली नाही. आता भाजीवाला मी सांगितलेल्या भावाला पटकन 'हो' म्हणाला, की पिशवी भरल्यावरही मी तिथेच उभा राहतो आणि त्याच्या तोंडाकडे संशयानं बघतो.