आष्टीचा फोनोग्राफ आणि माझ्या डब्यातला अस्सल साउंडबॉक्स

आष्टीच्या सलीमभाईंनी पाठवलेला फोटो आला तेव्हा मी दुकानात मिक्सरची मोटर उघडून बसलो होतो. लाकडी पेटी, तिच्यावर लोखंडी चौकट, आडवा दांडा आणि काळा भोंगा. नळकांड्यांचा फोनोग्राफ. तबकडीचा ग्रामोफोन याच्या नंतरचा. यात मेणाचं पोकळ नळकांडं दांड्यावर चढवतात आणि ते फिरत असताना सुई त्याच्या खाचेतून जाते. असं यंत्र मी पाच वर्षं शोधत होतो.

फोटो मोठा करून एकेक स्क्रू पाहिला. सगळे एका खाचेचे, फुलीच्या खाचेचा, म्हणजे नंतरच्या काळातला, एकही नाही. चौकटीवरचा नंबर न घासलेला. चावी जुनी, पेटीचं लाकूड जुनं. एकच भाग खटकला. सुई आणि अभ्रकाचा पडदा ज्या गोल डबीत बसतात तो साउंडबॉक्स कंपनीचा नव्हता, कुणीतरी पत्र्यातून घडवलेला होता. आणि योगायोग असा, की त्याच कंपनीचा अस्सल साउंडबॉक्स माझ्या कपाटात दोन वर्षं पडून होता. मी लगेच तिकीट काढलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: नाशिक रोडहून सकाळची गाडी धरली की दुपारपर्यंत जालना येतं. मी नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो. खोली साधी, पण चादर स्वच्छ होती. आजूबाजूला बियाणांच्या कंपन्यांच्या पाट्या, बँका आणि रिक्षांची गर्दी. संध्याकाळी एका जुन्या वस्तूंच्या दुकानात डोकावलो. दारातच चकचकीत पितळी भोंग्याचा ग्रामोफोन ठेवलेला.

"किती जुना आहे?"

"आमच्या आजोबाच्या टायमाचा हाय," दुकानदार म्हणाला.

मी तो उलटा करून पाहिला. "खाली प्लायवूड आहे."

"मंग? आमच्या आजोबाला प्लायवूड भेटत नव्हतं का?" शेजारचा चहावाला खो खो हसला. मी स्क्रूही दाखवले तेव्हा दुकानदार वैतागला. "असली असली करून राह्यले तुम्ही. वाजतो का न्हाई ते बघा की!"

त्याला काही कळत नाही, असं ठरवून मी लॉजवर आलो. ज्वारीची भाकरी आणि शेवभाजी फार चांगली मिळाली होती, आणि मी स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं परतूर, साधारण तासाभराचा प्रवास. तिथून आष्टीला काळी-पिवळी जीप मिळते. भाडं किरकोळ, पण भरल्याशिवाय ती हलत नाही. रस्ता मध्येच बरा, मध्येच हाडं खिळखिळी करणारा. दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर, कुठे कुठे ऊस. साउंडबॉक्स मी कापसात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवला होता आणि डबा दोन्ही हातांनी धरला होता.

"डब्यात अंडे हाय का भाऊ?" ड्रायव्हरनं विचारलं.

"मशीनचा पार्ट आहे."

"मंग बायकोवानी काय जपून राह्यले त्याला?" मागचे सगळे हसले. मी डबा आणखी घट्ट धरला.

सलीमभाईंचं मोटर वायंडिंगचं दुकान रस्त्यालाच आहे आणि घर त्याच्या मागे. त्यांचे वडील शफीचाचा ऐंशीच्या पुढचे. त्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी आधी जेवायला बसवलं. खिचडी आणि तीळ-चिंचेचा खट्टा. आष्टीच्या प्रवासात चवीनं खाल्लेलं शेवटचं जेवण तेच.

यंत्र कोनाड्यात होतं, हिरव्या कापडाखाली. चाचांच्या वडिलांनी ते हैदराबादेत जुन्या बाजारातून आणलं होतं. सोबत काही कोरी नळकांडी होती. या यंत्रावर आवाज भरताही येतो. त्यातलं एकच उरलं होतं, फिक्या तपकिरी मेणाचं. त्यावर चाचांच्या आईचा आवाज होता. चाचा चार वर्षांचे असताना भरलेला. पुढच्याच वर्षी ती वारली. तिचा फोटो नाही.

"आमच्या अब्बानं तिला म्हनलं, बोल काहीतरी," चाचा सांगत होते. "ती लाजली. म्हनली, मेरे से नहीं होता जी. आन मंग मला हाक मारली. शफी, इधर आ, रोटी ठंडी हो रही. बस, एवढंच हाय."

दर वर्षी ईदची नमाज झाली की घरातले सगळे कोनाड्यासमोर बसायचे आणि चाचा ते नळकांडं एकदाच वाजवायचे. दुसऱ्यांदा कधीच नाही. आता त्यांचा हात कापत होता, चावी भरवत नव्हती. यंत्र जाणत्या माणसाकडे जावं, असं त्यांनीच सलीमभाईंना सांगितलं होतं. नळकांडं मात्र घरातच राहणार होतं. त्याचा आवाज आधी फोनमध्ये घ्यायचा आणि मग मी यंत्र न्यायचं, असं ठरलं होतं.

मी हातमोजे घातले. नळकांडं आतून दोन बोटं पसरून उचललं, बाहेरून धरायचं नसतं. ते पाहून चाचा खूश झाले. मग मी पत्र्याचा साउंडबॉक्स सोडवायला घेतला.

"त्याला हात लावू नका. तो म्या बनवलेला हाय."

"चाचा, हा कंपनीचा नाही. माझ्याजवळ याच कंपनीचा अस्सल आहे. आवाज जास्त साफ येईल." मी डबा उघडला.

त्यांनी तो हातात घेतला. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून त्यावरचं कोरीव नाव आणि नंबर बराच वेळ वाचला. मग तळहातावर तोलून पाहिला.

"जड हाय."

"असली आहे म्हणून जड आहे," मी म्हणालो.

"हौ. कंपनीनं बनवला म्हनल्यावर बराबरच असंल." जन्मभर कंपनीचं नाव पाहून पुर्जे निवडलेल्या माणसानं तो मला परत दिला.

सलीमभाई फोन घेऊन तयार होते. मी त्यांना थांबवलं. म्हणालो, आधी एकदा चाचणी घेऊ, वेग जुळवू, मग रेकॉर्ड करा. काम नीट व्हायला हवं होतं.

सुई टेकवली. खरखर झाली आणि मग एका बाईचा आवाज आला, इतका मोठा की स्वयंपाकघरातून सगळ्याजणी दारात आल्या. मेरे से नहीं होता जी. शफी, इधर आ. चाचांचा हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि तसाच राहिला.

"इतकी साफ," ते म्हणाले. "इतकी साफ कधीच आल्ती न्हाई."

मी वेग किंचित कमी केला आणि सलीमभाईंना खूण केली. त्यांनी फोन धरला. सुई पुन्हा टेकवली.

नुसती खरखर. बाई नव्हती. सुईपासून मेणाचा बारीक भुसा निघून चौकटीवर पडत होता.

मी सुई उचलली, पण उशीर झाला होता. माझा साउंडबॉक्स नंतरच्या, कडक काळ्या मेणासाठी केलेला होता. मऊ तपकिरी मेणाला त्याचं वजन झेपत नाही. हे मला माहीत होतं. माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. चाचांनी पत्र्याची हलकी डबी याच एका नळकांड्यासाठी घडवली होती, आणि मी नंबर वाचत बसलो होतो.

"टेप झाली?" चाचांनी विचारलं.

"न्हाई अब्बा."

चाचांनी नळकांडं माझ्यासारखंच, आतून दोन बोटं पसरून उचललं, त्याच्या खोक्यात कापसावर ठेवलं आणि झाकण लावलं. मग आपला पत्र्याचा साउंडबॉक्स सदऱ्याच्या खिशात टाकला.

"मशीन घेऊन जा बेटा," ते म्हणाले. "आता समदी असली हाय."

मला नको होतं. मी तसं सांगितलं. सलीमभाई मला दारापर्यंत घेऊन आले. "घेऊन जावा भाऊ. इथं राह्यली तर अब्बा रोज बघतील." ठरलेले पैसे त्यांनी घेतले, एक रुपया जास्त घेतला नाही. जीपमध्ये पेटी मांडीवर होती. ड्रायव्हर वेगळा होता, त्यानं काही विचारलं नाही.

आता यंत्र माझ्याकडे आहे. जुनी यंत्रं जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले तेव्हा शंभर टक्के ओरिजनल म्हणून सगळ्यांनी वाहवा केली. एकानं साउंडबॉक्स कुठून मिळवला, असं विचारलं. मी फोन उलटा ठेवला. मी प्रत्येक वस्तू पुसून ठेवतो, पण चौकटीच्या सांध्यात बसलेला तो तपकिरी भुसा अजून काढलेला नाही.

तुम्ही अशा वस्तू पाहायला जाल तेव्हा बदललेला भाग दिसला, तर तो कुणी आणि कशासाठी बदलला हे आधी विचारा. माझ्यासमोर तो माणूस बसलेला होता. तो सांगतही होता.

ईदला मी सलीमभाईंना फोन केला. मागे पोरांचा गलका होता. चाचा कसे आहेत, विचारलं.

"बरे हायत. नमाजहून आले आन कोनाड्यासमोर जाऊन बसले," सलीमभाई म्हणाले. "आम्हीबी बसलो मंग सगळे. थोडा वेळ बसलो आन उठलो."