पाइपलाइनची बोलणी

लग्न जुळवताना आमच्या हिच्या मामांचा अंदाज कधी चुकला, असं विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत कुणी सांगितलं, तर तो माणूस खुशाल खोटारडा समजावा. दोन्हीकडची मंडळी समोरासमोर बसली की मामा कुणाचं बोलणं ऐकतच नाहीत. त्यांची नजर चहाच्या कपांवर. "तोंडानं माणूस वाट्टेल ते बोलतो हो, जावईबापू. कप उष्टा झाला की समजायचं, होकार आहे!" एकदा मुलाच्या काकांनी कपाला हात लावला नाही, तर मामा पोह्यांची बशी अर्धी टाकून उठले. दुसऱ्या दिवशी नकार आलाच. आणि पाठवणीला मुलीची आई रडायला लागली की त्यांचं ठरलेलं वाक्य, "रडताय काय वहिनी, चांगलं घर मिळालंय!"

असा हा पक्का माणूस परवा शिरगावच्या घरात टीव्हीपुढे घामाघूम होऊन बसला होता. त्यांचा एकुलता एक प्रशांत आखातात वेल्डर. तिथल्या तेलवाल्या देशातून शेजारच्या देशांच्या व्यापारी गटाला गॅस न्यायची पाइपलाइन अर्धी झाली आणि दरावरून घोडं अडलं. करार झाला तर काम चालू, नाहीतर सगळे परत. अंबरनाथचा कारखाना बंद पडल्यावर प्रशांत घरात कसा तोंड लपवून बसायचा, ते मामांनी पाहिलं होतं. आम्ही दोघंही धीर द्यायला म्हणून जाऊन बसलो होतो.

पडद्यावर लांबलचक टेबल, दोन्हीकडे मंत्री. मामा एकदम ओरडले, "अरे, पाण्याला कुणी शिवत नाहीये! फिसकटलं! मध्ये एक जाणता माणूस बसवायला काय झालं होतं मेल्यांना?"

"मामा, त्यांचे रोजे चालू आहेत. दिवस मावळेपर्यंत पाणी नाही."

मामा माझ्याकडे वळले. "मग होकार कळायचा कसा?"

तिथला दिवस काही मावळेना. मामा उठत होते, बसत होते, देवापुढचं निरांजन उगाच पुसत होते. शेवटी फोनच वाजला.

"पप्पा, सही झाली! आता दोन वर्षं तरी बघायला नको!"

"शाब्बास रे वाघा!" मामांनी मला मिठीच मारली. मग हळूच विचारलं, "गणपतीला येशील ना?"

"आता कुठली सुट्टी, पप्पा? काम जोरात सुरू होणार."

फोन ठेवून मामा खुर्चीत बसले. डोळे भरून आले होते. हिनं चहा पुढे ठेवला आणि थट्टेनंच म्हणाली, "रडताय काय मामा, चांगलं घर मिळालंय!"

"किती जणींना ऐकवलं गं हे मी," मामा म्हणाले. "एकीनंही मला झोडपलं कसं नाही?"

आम्ही निघेपर्यंत मामांनी कपाला हात लावला नव्हता.