घोट्याची पकड

आमच्याकडे खाडीकाठच्या गावांत पुरुषाला कुणीही कधीही विचारतं, "कंच्या जाग्यावर खेळायचास?" विचारणारा कबड्डीबद्दल बोलतोय हे वेगळं सांगावं लागत नाही. मी उजव्या कोपऱ्यावर खेळायचो. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा धरणं हे माझं काम, आणि ते मी बरं करायचो. समोरचे गडी माझ्या कोपऱ्यात पाय टाकायला बिचकत, इतकं बरं. हे फुशारकीने सांगत नाही. फुशारकीचे दिवस लग्नानंतर लवकरच संपले.

पुढे रोह्याला कंपनीत लागलो. गाव पेणजवळ, नोकरी रोह्याला, मधे पॅसेंजर गाडी आणि बदलत्या शिफ्ट. गाडीत बसून जायचं, कंपनीच्या बसमध्ये बसायचं, आत जाऊन पॅनेलसमोर बसायचं आणि त्याच क्रमाने बसत बसत घरी यायचं. बायको पेणला एका दवाखान्यात नर्स आहे, तिचीही शिफ्ट. एक जण घरात शिरला की दुसरा चपला शोधतो. मधल्या वेळात मुलीचं जेवण, शाळा, पाणी, दळण. कंपनीचा डॉक्टर दर तपासणीला 'चाला' म्हणतो आणि मी दर वेळी 'हो' म्हणतो. त्याचीही माझ्याकडून एवढीच अपेक्षा असावी. त्यासाठी बूट आणले होते. ते घालून मी दळण आणायला जातो.

मुलगी आठवीत गेली आणि कबड्डी खेळू लागली. चढाई चांगली करते. अडचण एवढीच, की शाळेतला सराव फक्त शनिवारी, आणि गावात तिला धरायला समोर कुणी नाही. अशा वेळी आमच्याकडे घरातला बापच धरायला उभा राहतो. भात कापून झालं होतं, घरामागचं शेत मोकळं होतं. तिने राखेने रेघा ओढल्या आणि मला कोपऱ्यात उभं केलं. तालुक्याच्या संघाची निवड जवळ आली होती आणि तिला त्या संघात जायचंच होतं. जेवताना तेच, वेणी घालताना तेच, दुसरं बोलणं नव्हतं.

पहिली शिफ्ट असली की उजेड असेपर्यंत आम्ही खेळायचो. ती दम धरून यायची, मी झेपावून घोटा धरायचो, ती पाय ओढून रेषा गाठायची. मला वाटलं, सवय मोडलीय, थोड्या दिवसांत हात बसेल. हात बसला नाही. बोटं मिटेपर्यंत पाय निघून गेलेला असायचा, नाहीतर पाय हातात यायचा आणि मीच त्याच्यामागे ओढला जायचो. ती खूश होती. "पप्पा, आज बी सुटले," म्हणायची. मी धापा टाकत म्हणायचो, "व्हय, सुटलीस." बायको ओट्यावरून बघून हसायची.

निवडीच्या दिवशी मला सुट्टी मिळाली नाही. बायको गेली. घरी आलो तर मुलगी तोंड धुऊन भिंतीला टेकून बसली होती. जिते गावची एक मुलगी समोरच्या कोपऱ्यावर होती, हिच्याहून बारीक. तिने दर चढाईला हिचा घोटा धरला आणि ही दर वेळी तिथेच बसली. नाव राखीव मुलींत गेलं. महिनाभराने पुन्हा एक चाचणी होणार होती आणि राखीवमधून कुणाला घ्यायचं ते त्यात ठरणार होतं.

"तू मुद्दाम सोडत व्हतास," मुलगी म्हणाली. "मला वाटलं, माझा पाय कोणला धरताच येत नाय."

"लाड करायला दुसरी जागा नाय गावली तुमाला?" बायको म्हणाली. "पोरीचं नुकसान केलंत."

मी डबा घासायला घेतला. खरं सांगायचं तर आरोप मला आवडला. गावातही तेच पसरलं. माझ्याबरोबर खेळलेला एक जण पॅसेंजरमध्ये भेटला आणि म्हणाला, "पोरीसाठी सोडलास ना? नायतर तुज्या हातातून कोन सुटतंय." मी खिडकीबाहेर बघून हसलो. त्या दिवशी रोह्यापर्यंतचा प्रवास फार छान झाला.

मुलगी मात्र शेतात येईना. तू सोडतोसच, मग तुझ्याशी खेळून काय करू, असं तिचं म्हणणं. चाचणी जवळ येत होती आणि माझी अब्रू शाबूत राहावी म्हणून तिचा सराव बंद पडला होता. एवढं साधं गणित माझ्या डोक्यात शिरायला बरेच दिवस गेले.

एका रविवारी ती भांडी विसळत होती, तेव्हा सांगून टाकलं. "मी सोडत नव्हतो. पुरा जोर लावत व्हतो. मला धरताच येत नाय आता."

तिने नळ बंद केला. आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग पोटाकडे. ती चिडली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली.

"मंग चल," ती म्हणाली.

शेतात ती दम धरून आली. मी झेपावलो, घोटा हातात आला आणि हातातच राहिला. तिने ओढल्यासारखं केलं, रेषेकडे हात लांबवला आणि दम सोडला. "धरलास," ती म्हणाली. "बघ, येतंय की तुला."

तिच्या पोटरीत जोर नव्हता. तरुणपण कोपऱ्यावर काढलेल्या माणसाला एवढं कळतं. सुटू बघणारा पाय हातात थरथरतो. हा नुसता ठेवलेला होता. बायको माझ्या नावावर घालत होती तो लाड आता मुलगी माझा करत होती. मला तिची माया आली आणि एकदम म्हातारं झाल्यासारखंही वाटलं.

"असं नको करू गो," मी म्हटलं. "तिथं ती जित्याची पोरगी असणार हाय. खरी ये."

"तुला लागंल."

"लागू दे."

ती मागे गेली, वळली आणि आली. मी घोटा धरला. तिने पाय असा ओढला की मी छातीवर आपटलो. कोपर ढेकळावर सोललं, तोंडात माती गेली, पण बोटं मिटलेलीच ठेवली आणि तिच्यामागे घासत गेलो. तिचा हात रेषेपलीकडे टेकला तेव्हाही पाय माझ्याच हातात होता. ती सुटली होती, मी बाद झालो होतो. ती माझ्या कोपराकडे बघत उभी राहिली. मी उठून बसलो आणि तोंडातली माती थुंकली.

"परत ये," मी म्हटलं.