पाळण्याची पलीकडची बाजू

मैत्रिणींनो, आपली घरोघर फिरणारी वही आजच माझ्या घरी आली, आणि सांगण्यासारखंही आजच घडलं.

गेल्या वर्षी गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला आणि माझी ती नळी काढावी लागली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज सकाळी सासूबाई मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई तपासून म्हणाल्या, "बेन, बीजी तो छे ने? दुसरी नळी चांगली आहे. पुन्हा प्रयत्न करा."

सासूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. परतताना रस्त्यात संस्थानच्या महाराजांच्या स्वागताच्या कमानी उभारणं चाललं होतं. टांगा बराच वेळ अडला, तरी सासूबाईंनी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांना उगाच आशा कशाला लावायची?

दुपारी आमच्या दांडिया बाजारात शेजारच्यांकडे बारशाला गेलो. बाळाला पाळण्याखालून द्यायला-घ्यायला दोघी लागतात. एक अलीकडे बसली. मी सवयीने मागे, भिंतीकडे सरकले.

"पलीकडे लेकुरवाळीच बसू दे," बाळाची आजी म्हणाली.

"माझी सून बसेल," सासूबाई म्हणाल्या. "तिची दुसरी नळी चांगली आहे. डॉक्टरीणबाईंचा आवाज बाहेरपर्यंत येतो."

मी जाऊन बसले आणि बाळ हातात घेतलं.

घरी येताना मी विचारलं, "आणि दिवस नाहीच राहिले तर?"

"तर दोघी मिळून रडू. वर्षभर तू एकटीच रडते आहेस."

तुमच्या घरी असं गुपचूप सगळं ऐकणारं कोण आहे? खाली लिहा, मग वही पुढे पाठवा.