मास्तरांनी दोन माणसांची गाडी विकली

चिखलीच्या हायस्कुलात चित्रकला शिकवणारे चिंतामण मास्तर गावात ओळखले जायचे ते त्यांच्या गाडीमुळे. खामगावच्या कापसाच्या जिनिंगमधला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्याच्याकडून त्यांनी ती घेतली होती. बुटकी, उघडी, दोनच माणसांची. खडबडीत रस्त्यावर पोट घासू नये म्हणून स्प्रिंगा उंच करून घेतल्या होत्या, आणि गेल्या वर्षी पुढे दोन मोठे दिवे जास्तीचे बसवले होते.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात त्यांनी अचानक गाडी विकायला काढली. बायकोला, वासंतीबाईंना म्हणाले, "पेट्रोल परवडत नाही."

धामणगाव बढ्याहून पंजाबराव आला, तिशीतला बागाईतदार. सोबत त्याची आई रुखमाबाई. पंजाबरावानं मोताळ्याच्या रस्त्यापर्यंत गाडी पळवून आणली आणि खुशीत उतरला.

"गाडी तं झकास हाये, मास्तर. पण हे जास्तीचे दिवे काऊन लावले?"

"घाटात धुकं असतं," मास्तर म्हणाले.

वासंतीबाई चहा घेऊन आल्या होत्या. रुखमाबाईंनी कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"माह्यं एकच पोरगं हाये, मास्तर. इतकी जीव लावलेली गाडी कोनी उगाच इकत नाही. काही खोट असंन तं आत्ताच सांगा."

मास्तरांना महिन्यापूर्वीची संध्याकाळ आठवली. डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली म्हातारी बाजूनं चालली होती. ती ओरडली तेव्हा त्यांना दिसली. चाक तिच्या लुगड्याला चाटून गेलं होतं.

"गाडीत खोट नाही, बाई," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांत आहे. बाजूचं दिसत नाही. अंधारलं की काहीच नाही."

वासंतीबाईंच्या हातातलं तबक तसंच राहिलं.

पंजाबराव गाडी घेऊन गेला. जाताना, खरं सांगितलं म्हणून, रुखमाबाईंनी मास्तरांना वाकून नमस्कार केला; तो त्यांना फार लागला.

"मला का नाही सांगितलंत?" वासंतीबाईंनी विचारलं.

"शाळेत कळलं असतं तर नोकरी..."

"दिवाळीत आपल्या छोट्या प्रतिमाला मांडीवर घेऊन मी तुमच्या शेजारी बसले होते. लोणारहून येताना अंधार पडला होता."



दुसऱ्याच आठवड्यात वासंतीबाई त्यांना अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत यायची नव्हती. उरलेली जपायची होती. मास्तरांनी आपणहून हेडमास्तरांना सांगितलं. त्यांना काढलं नाही, पण मोठ्या मुलांचे वर्ग गेले.

वासंतीबाई त्यांच्या डोळ्यांत वेळच्या वेळी औषध घालत. पण पुढं कितीतरी दिवस, थेंब सोडताना, 'वर बघा' एवढंच काय ते त्या बोलत.